शवासनात आलेले रडू



दर महिन्याला या पानावर आम्ही इतर घरांतले प्रश्न मांडतो. कुणाच्या मुलीच्या शिक्षणाचा, कुणाच्या मेहरचा, कुणाच्या वाटणीचा. या वेळी गोष्ट आमच्याच घरातली आहे. लिहिणारा हात एकीचा असला तरी चूक सगळ्या घराची होती, म्हणून 'आम्ही' हा शब्द या वेळी नुसता रिवाज नाही. आमच्या धाकट्या जावेने लिहायला परवानगी दिली आणि छापायला पाठवण्याआधी सगळा मजकूर वाचून घेतला. घरात तिला सगळे 'छोटी' म्हणतात. इथेही छोटीच म्हणू.

येत्या २१ जूनला योग दिन आहे. २०१५ पासून तो दरवर्षी साजरा होतो आणि दरवर्षी आपल्या घरांमधून तोच वाद निघतो, मुसलमानाने योग करावा की करू नये. आमच्या घरातही तो वाद झाला. आणि त्या वादाच्या गडबडीत खरा प्रश्न आमच्या नजरेतून सुटला.

छोटीला दुसरी मुलगी झाली ती पावसाळ्याच्या शेवटी. सिझेरियन करावे लागले. दीर कुवैतला असतात. ते अकीक्याला आले, पंधरा दिवस राहिले आणि परत गेले. चाळीस दिवस पुरे झाले, छोटीने गुस्ल केले, घरात खीर झाली. त्यानंतर सून कामाला लागते अशी आपल्याकडची रीत. छोटीही लागली. तांदळाच्या भाकऱ्या, धुणे, थोरल्या मुलीची शाळा, बाळाचे रात्रीचे जागरण. तीन महिन्यांनी कंबर धरू लागली, तेव्हा बाळंतपण केलेल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "हळूहळू व्यायाम सुरू करा. गावात योगवर्ग असेल तर तिथे जा, पण टाके पडलेत हे आधी सांगा."

गावातल्या शाळेच्या हॉलमध्ये बायकांचा वर्ग चालतो. एक निवृत्त शिक्षिका घेतात, सगळ्या त्यांना बाई म्हणतात. छोटीने घरात विषय काढला आणि अम्मींनी हातातली तसबीह बाजूला ठेवली. ओंकार म्हणावा लागेल का? सूर्यनमस्कार घालावे लागतील का? मोहल्ल्यात लोक काय म्हणतील? आम्हीही त्यात आपली भर घातली. शेवटी प्रकरण मशिदीतल्या मौलानांपर्यंत गेले. त्यांनी शांतपणे सांगितले, "इबादत फक्त अल्लाहची. ज्या शब्दांत आणि ज्या क्रियेत दुसऱ्या कुणाची इबादत येते, ते करू नका. हातपाय ताणणे, श्वास सावकाश घेणे याला हरकत नाही." बाईंना विचारले तर त्या म्हणाल्या, "अगं, तुला जे म्हणायचे नाही ते म्हणू नकोस. गप्प बस, नाहीतर मनात अल्लाहचे नाव घे. मला तुझी कंबर बरी करायची आहे." इतक्यावर ते मिटले.

खरे तर हा विषय आपल्या परंपरेला नवा नाही, हे आम्हाला नंतर वाचताना कळले. अकराव्या शतकात अल-बिरूनी यांनी पतंजलींच्या योगसूत्रांचा अरबीत अनुवाद केला. ते स्वतः श्रद्धावान मुसलमान होते. दुसऱ्यांचे ज्ञान नीट समजून घ्यावे एवढीच त्यांची भूमिका होती. सोळाव्या शतकात ग्वाल्हेरचे सूफी शेख मुहंमद गौस यांनी 'बहरुल हयात' या फारसी ग्रंथात श्वासाच्या आणि आसनांच्या पद्धती लिहून ठेवल्या. आणि आपल्या मराठीतच पाहायचे तर श्रीगोंद्याच्या शेख महंमदांच्या ग्रंथाचे नावच 'योगसंग्राम' आहे. त्यात माणसाची लढाई स्वतःच्या आतल्या विकारांशी आहे. सगळ्यांनी त्यांची वाट धरावी असे आमचे म्हणणे नाही. आपल्या आत काय चालले आहे ते पाहणे, ज्याला आपल्याकडे मुहासबा म्हणतात, ते पूर्वीच्या माणसांना परके वाटत नव्हते, एवढेच सांगायचे आहे.

जानेवारीपासून छोटी आठवड्यातून तीन दिवस वर्गाला जाऊ लागली. कंबर सैल झाली. बाई श्वास सोडायला जास्त वेळ घ्यायला लावत. चार आकडे मोजून आत, सहा मोजून बाहेर. श्वास असा लांब सोडला की शरीराला विसाव्याकडे नेणाऱ्या मज्जातंतूंचे काम वाढते आणि हृदयाची धडधड थोडी उतरते. छोटी घरी येऊन सांगायची, "भाभी, तेवढा वेळ छातीवरचा दगड उतरतो." आम्ही ऐकून घेतले. छातीवर दगड कसला, हे मात्र कुणीच विचारले नाही.

वर्गाच्या शेवटी शवासन असते. डोळे मिटून, हातपाय सैल सोडून पाठीवर पडायचे. फेब्रुवारीतल्या एका सकाळी छोटी शवासनात रडू लागली. आधी नुसते डोळ्यांतून पाणी आले, मग हुंदके. बाकीच्या बायका उठून गेल्या तरी तिचे थांबेना. पुढच्या दोन वर्गांतही तेच झाले. तिसऱ्या दिवशी बाई तिच्याबरोबर आमच्या घरी आल्या. अम्मींसमोर बसून म्हणाल्या, "ही नुसती थकलेली नाही, आजारी वाटते. माझ्या वर्गाने हे बरे होणारे नाही. मनाच्या डॉक्टरांना दाखवा."

आम्ही त्यांना चहा दिला, बाळ दाखवले आणि निरोप दिला. दार लावल्यावर जे बोललो ते लिहिताना आज लाज वाटते. एकाने म्हटले, सकाळच्या अशा वेळी ओली बाळंतीण बाहेर गेली, नजर लागली. एकाने म्हटले, डोळे मिटून रिकामे पडले की वसवसे येणारच. अम्मी म्हणाल्या, "दोन सोन्यासारख्या मुली दिल्यात अल्लाहने, नवरा कमावतो, रडायचे काय? ही नाशुक्री आहे." नमाज वाढव, सूरे पढ, पाण्यावर दम करून घे, असे सगळ्यांनी सांगितले. आणि वर्ग बंद केला. आरशात जखम दिसली म्हणून आम्ही आरसा भिंतीकडे फिरवून ठेवला.

रडू योगाने आणले नव्हते. ते आधीपासून होते. दिवसभर या घरात तिला एक मिनिट मोकळे मिळत नव्हते. बाळ रडले की ती उठायची, कुकरची शिट्टी झाली की उठायची, कुणी हाक मारली की उठायची. शवासनातली ती पाच मिनिटे एवढीच तिच्या वाट्याला आलेली शांतता होती, आणि त्या शांततेत तिला पहिल्यांदा स्वतःचे ऐकू आले. ते ऐकण्याची जागाही आम्ही काढून घेतली.

वर्ग बंद झाल्यावर रडू थांबले. आम्हाला वाटले, बघा, बरी झाली. पण ती गप्प झाली होती. जेवण उतरले. बाळ झोपले तरी तिला झोप येत नसे. थोरली मुलगी वही घेऊन आली की, "भाभीला दाखव," म्हणायची. अंगावर दूध कमी झाले तेव्हा आम्ही मेथीचे लाडू केले. नमाजेला उभी राहिली की दोन रकातींत विसरायची, मग सलाम फेरून तशीच बसून राहायची.

रमजान आला. ती पाजत असल्याने तिला रोजे नव्हते, तरी सहरीला उठायची. एका रात्री तव्यासमोर बसून, भाकरी उलटता उलटता, अगदी नेहमीच्या आवाजात तिने विचारले, "भाभी, मी नसले तर दोघींना तुम्ही सांभाळाल ना?"

आमच्या हातातला पेला तसाच राहिला. "कुठे चाललीस?" असे विचारले. ती म्हणाली, "कुठे नाही. पण मी वाईट आई आहे. माझ्यामुळे सगळ्यांना त्रास. मी नसले तर बरे होईल असे वाटते." मग छोट्या आवाजात, "असा विचार येतो म्हणजे माझे ईमानच गेले ना?"

त्या रात्री आम्ही तिला एकटे सोडले नाही. फज्रची नमाज झाल्यावर दीरांना कुवैतला फोन केला आणि सकाळच्या गाडीने जिल्ह्याच्या गावी मानसोपचार डॉक्टरांकडे घेऊन गेलो. आमच्या कोकणात मनाच्या आजाराचे नाव काढले की "रत्नागिरीला न्या" अशी थट्टा होते, कारण तिथे मनोरुग्णालय आहे. तीच थट्टा आम्हीही आयुष्यभर केली होती. दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर तिचा अर्थ कळला. आजूबाजूला आपल्यासारखीच माणसे होती. एक शिक्षक, एक कॉलेजचा मुलगा, नातवंडाला घेऊन आलेली एक आजी.

डॉक्टरांनी तासभर ऐकून घेतले. मग म्हणाले, बाळंतपणानंतरच्या पहिल्या दिवसांत पुष्कळ बायकांना रडू येते, ते दोन आठवड्यांत ओसरते. ते ओसरत नसेल, किंवा पुढच्या महिन्यांत नव्याने सुरू होत असेल, झोप, भूक, आनंद सगळे जात असेल, तर तो आजार आहे. बाळंतपणानंतरचे नैराश्य. आळस नाही, नखरा नाही, ईमानाची कमजोरी नाही. रक्त तपासायला पाठवले, कारण थायरॉइड बिघडले किंवा रक्त कमी असले तरी असे होऊ शकते. छोटीचे रक्त कमी निघाले. लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि ती बाळाला पाजते हे लक्षात घेऊन नैराश्याचे औषध निवडले. "ही गोळी ताप उतरावा तशी आज घेतली आणि उद्या उतरले अशी नाही. दोन ते चार आठवडे लागतील. बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंद करू नका," असे दोनदा बजावले. आठवड्याला एकदा बोलायला बोलावले. आणि आम्हाला म्हणाले, "अर्धे औषध तुमच्या हातात आहे. हिला रात्री सलग पाच तास झोपू द्या."

आम्ही विचारले, योगामुळे झाले का? ते हसले. "योगाने हा आजार झाला नाही. चालणे, हातपाय हलवणे, श्वास लांब सोडणे चांगलेच आहे. फक्त सध्या डोळे मिटून पडून राहू नका. या आजारात माणूस आत पाहायला गेला की त्याला स्वतःचे दोषच दिसतात. तो आजार बोलत असतो, ती स्वतः नाही. आणि योग हा गोळीच्या जागी नाही, गोळीच्या जोडीला."

परतताना गाडीत छोटीने पुन्हा तोच प्रश्न विचारला, ईमानाचा. उत्तर आमच्याकडे नव्हते. ते अम्मींनी दिले, ज्यांनी तिला नाशुक्र म्हटले होते त्यांनीच. दोन दिवस त्या कुरआन उघडून बसल्या होत्या. मग छोटीला जवळ बसवून त्यांनी हजरत मरयम (अ.स.) यांची हकीकत सांगितली. सूरह मरयममध्ये ती आहे, आपण सगळ्यांनी कितीदा पढली आहे. बाळंतपणाच्या कळा सोसत, एकट्या, खजुरीच्या खोडाला टेकून त्या म्हणाल्या होत्या की यापूर्वीच आपण मेलो असतो आणि विसरून गेलो असतो तर बरे झाले असते. अल्लाहने निवडलेली ती स्त्री. तिला दटावणी झाली नाही. 'नाशुक्री करू नकोस' असे कुणी म्हटले नाही. दुःख करू नकोस म्हणून धीर दिला गेला. पायाशी पाण्याचा झरा दिला, ताजी खजूर दिली, खा, पी, डोळे निववून घे असे सांगितले, आणि आज माणसांशी बोलू नकोस म्हणून लोकांच्या प्रश्नांपासूनही तिची सुटका केली.

अम्मी म्हणाल्या, "पाणी, खाणे, आराम आणि लोकांची तोंडे बंद. अल्लाहने मरयमला जे दिले, ते आम्ही तुला दिले नाही दुल्हन. मला माफ कर." छोटी त्या दिवशी पुन्हा रडली. या वेळी तिला कुणी थांबवले नाही.

नंतर शोधताना कळले की आपल्या पूर्वजांनी हे शास्त्र किती आधी ओळखले होते. बल्ख शहरातले अबू झैद अल-बल्खी हे विद्वान ९३४ साली वारले. शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर त्यांनी एकच ग्रंथ लिहिला, कारण त्यांच्या मते दोन्ही आजारी पडतात आणि एकाचा आजार दुसऱ्यात उतरतो. दुःखाचे त्यांनी दोन प्रकार सांगितले. ज्याचे कारण माणसाला माहीत असते ते एक, आणि ज्याचे कारण सापडत नाही ते दुसरे. "रडायचे काय?" या आमच्या प्रश्नाला हजार वर्षांपूर्वीच उत्तर दिलेले होते. कैरोत सुलतान कलावून यांनी १२८४ मध्ये बांधलेल्या मोठ्या रुग्णालयात मनाच्या रुग्णांसाठी वेगळी सोय होती. आणि प्रेषित मुहंमद (स.) यांनी उपचार करून घेण्यास सांगितले आहे. उंट आधी बांधा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही शिकवण आपण मुलांना सांगतो. आजारी सुनेच्या बाबतीत आम्ही उंट मोकळाच सोडला होता.

तिसऱ्या आठवड्यात छोटीला झोप लागू लागली. ईदच्या आदल्या दिवशी तिने थोरलीच्या हातावर मेंदी काढली. सगळे एकदम ठीक झाले असे नाही. मध्येच एखादा दिवस वाईट जातो, गोळी चालूच आहे, डॉक्टर म्हणतात अजून काही महिने घ्यावी लागेल. दीर ईदनंतर महिनाभर येऊन राहिले. रात्रीचे एक पाजणे वरच्या दुधावर घेतले आणि ते बाळ अम्मी सांभाळतात. मे महिन्यात तिने पुन्हा वर्ग सुरू केला. शवासनाच्या वेळी ती डोळे उघडे ठेवून भिंतीला टेकून बसते, बाईंनीच तसे सुचवले. त्या बाईंच्या घरी आम्ही ईदचा शीरखुर्मा घेऊन गेलो आणि माफी मागितली. आपल्या वर्गाची हद्द त्यांना माहीत होती. आमच्या घराला मात्र स्वतःच्या माणसाचा आजार माहीत नव्हता.

वाचक भगिनींनो, बंधूंनो, तुमच्या घरातही कुणी असे गप्प झाले असेल. आमच्या चुकीतून चार गोष्टी घ्या.

झोप, भूक, नमाजेतले लक्ष, मुलांशी बोलणे, यांतला बदल दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर डॉक्टरांना दाखवा. आधी ओळखीच्या डॉक्टरांकडे गेलात तरी चालेल, पण जा. जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजारासाठी डॉक्टर असतात.

"तुला काय कमी आहे?" असे विचारू नका. "तुला कसे वाटते?" असे विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. जीव नकोसा झाला आहे का, हेही सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात जात नाही; असलेला बाहेर येतो. 'हो' म्हणाली तर त्या क्षणापासून तिला एकटे सोडू नका आणि डॉक्टर गाठा.

डॉक्टर लगेच मिळत नसतील तर सरकारची टेलिमानस ही सेवा आहे. क्रमांक १४४१६. २०२२ पासून ती सुरू आहे, दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रत्येकाला या उपचारांचा हक्क दिला आहे, आणि शरीराच्या आजाराप्रमाणे मनाच्या आजारालाही विम्याचे संरक्षण द्यावे असे सांगितले आहे. घरी आरोग्य विमा असेल तर कागद काढून पाहा.

आणि दुआ, तिलावत, श्वासाचा व्यायाम, चालणे, हे सगळे चालू ठेवा, पण त्यांच्या नावाखाली गोळी बंद करू नका. नैराश्याची गोळी एकाएकी थांबवली तर त्रास होतो.

मजकूर वाचून झाल्यावर छोटीने एकच दुरुस्ती सांगितली. आम्ही लिहिले होते, 'आमची छोटी आता पहिल्यासारखी झाली.' तिने त्यावर रेघ मारली. म्हणाली, "पहिल्यासारखी नको. पहिली छोटी कुणाला काही सांगत नव्हती."

अल्लाह प्रत्येक घरातल्या दुखऱ्या मनाला शिफा देवो, आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्यांना ऐकण्याची तौफीक देवो. आमीन.